हाताची पाठ

इतिवृत्ताच्या वहीत तीनदा खोडलेली एक ओळ आहे.
अक्षर माझं. खाडाखोड गावाची.

पहिल्यांदा लिहिलं होतं:
'शिवारात कोणीही कुंपणाच्या तारेत करंट सोडू नये.'
सोपं होतं. सायसिंग पावराला जाऊन
बारा दिवसही झाले नव्हते.
रात्रपाळीचं पाणी धरायला तो मक्यातून निघाला,
आणि अनेरच्या काठी त्याच्या बॅटरीचा उजेड
सकाळपर्यंत एकाच ढेकळावर पडून होता.

हात वर झाले. मी मोजत होते.
तेवढ्यात लोटन आप्पा उठले,
टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.
"ताई, मनं झटका मशीन बी करंटच शे.
कंपनीनं शे, पावती शे. टक करस नि सोडी देस.
डुक्कर दचकस, मरत नई.
ते बी बंद? मंग रातभर काय डबडं वाजाडूत?"

झिपरू वायरमन भिंतीला टेकून होता.
म्हणाला, तार तीच असते हो.
या टोकाला मशीन लावलं तर नुसती खेकसते.
त्या टोकाला डीपीवरून आकडा टाकला
तर खेकसतही नाही.

मी ओळ खोडली. दुसरी लिहिली:
'ज्याने जीव जाईल असा करंट सोडू नये.'
शाळेचे गुरुजी खूश झाले:
वस्तूला नाही, परिणामाला धरा.
वस्तू काय, पुढच्या साली नाव बदलून येईल,
मग काय दर साली ठराव लिहायचा?
बरोबर होतं. खरंच बरोबर होतं.
मी वहीखाली सहीची रेघही ओढली.

रायलीबाई पायरीवर बसलेली,
आत ये म्हटलं तरी बाहेरच.
ती तिच्या बोलीत काही बोलली.
अंगणवाडीच्या सुनंदानं आम्हाला उलगडून सांगितलं:
ती विचारतेय,
जीव जाईल की नाही हे कळायला
आधी कोणाला पाठवायचं?

डोक्यावर पंखा फिरत होता. तोही करंटच.

तिसऱ्या ओळीत मग मापं आली,
व्होल्ट आले, नोंदणी आली,
तपासायला तालुक्याचा माणूस आला.
तो येतो महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी.
डुक्कर रात्री येतं.
मोजायचे आकडे कागदावर,
टाकायचे आकडे अंधारात.
खोडली.

ज्याच्या शेतात झालं तो जामिनावर,
सभेला आला नव्हता.
त्याचा भाऊ कोपऱ्यात बसून
अंगठ्याचं नख दुसऱ्या नखानं साफ करत होता.

रायलीबाई उठली. एवढंच म्हणाली,
आणि या वेळी सुनंदाची गरज पडली नाही:
"जेनी तार, तेनं रोज सांजले
तेना हात लाईसन दखाडाना."

कोणीतरी हसलं. एकटाच हसला.
मग बरेच जण आपापल्या हातांकडे बघू लागले,
जणू ते आत्ताच कोणी आणून दिले होते.

तेच लिहिलं. चौथी ओळ, न खोडलेली.
पंचायत समितीतून ती लाल शाईत परत आली:
'कायद्याच्या भाषेत बसत नाही.
मसुदा सुधारून सादर करावा.'
अजून सादर केलेला नाही.
काय सुधारावं, सुचत नाही.

काल शिरपूरची एसटी चुकली म्हणून
बांधाबांधानं फाट्यावर चालत निघाले.
ऊन उतरलं होतं. आप्पांच्या शेताशी
झिपरू उभा, आप्पा तारेपुढे वाकलेले,
नातू लांब उभा केलेला.
"तळहात नको आप्पा, तळहात धरून बसतो.
पालथा करा हात. पाठ लावा."

आप्पांनी हात पालथा केला,
लेकराच्या कपाळाला लावून ताप बघतात तसा
हळूच नेला.
टक.
आप्पांनी एक सणसणीत शिवी हासडली
आणि मला बघून जीभ चावली.

पलीकडे पायवाटेवर मोळ्या घेतलेल्या
दोन बाया थांबल्या होत्या.
त्यांनी बघितलं,
आणि वाट न बदलता
मक्याच्या कडेकडेनं पुढे गेल्या.